दिव्याहून पनवेल, आणि पुढे खांडीपर्यंत

नाही दत्तू, मी आजही तेच म्हणेन. गाडी आली म्हणजे गावाचं भलं झालं, हे तू म्हणतोस ते इथं भिलाईत खाटेवर पाय लांब करून. तुझं करंजं अजून रुळापासून लांब आहे म्हणून तुला हे सुचतं. गेल्या दिवाळीपासून आपलं हे भांडण चाललंय, सगळ्या चाळीला माहीत आहे. तेव्हा मी उगाच तोंड वाजवत होतो. आता जाऊन, बघून, हात चिखलात घालून आलोय.

आपल्या मंडळाच्या भिंतीवरच्या अंकात कुलाबा जिल्ह्याकडची नवी वाट कुणीतरी लिहावी, असं पोरांचं म्हणणं पडलं. दत्तू उन्हाळ्यात जाणार, आणखी तिघं जाणार. म्हणून लिहितो. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ गुरुजी बघून घेतील.

सुट्टी मिळाली शिमग्यानंतरची. दुर्गला मेलमध्ये चढलो. तिसऱ्या वर्गात बसायला जागा मिळाली नाही तर नागपूरपर्यंत ट्रंकेवर बसायचं, तिथं बराच डबा रिकामा होतो. म्हणून ट्रंक पत्र्याची घ्या, पुठ्ठ्याची पेटी असली तर तिच्यावर बसणार कसं. खायला भाकऱ्या आणि सुकी चटणी बांधून न्या, स्टेशनवरच्या पुऱ्या तेलकट असतात आणि मोजून चार देतात. पूर्वी मी ठाण्याला उतरून यष्टी धरायचो. मुंब्रा, शीळ, पनवेल असा रस्ता, दीड रुपया जायचा आणि अर्धी कंबर. आता तसं नको. मेलमधून कल्याणला उतरा, मुंबईच्या बाजूची गाडी धरून दिव्याला या. दिव्याला कोपऱ्यातल्या फलाटावर पनवेलची गाडी लागते. तिकीट रुपयाच्या आत.

गाडी मात्र दिवसातून मोजक्या वेळा. चुकली तर दिव्याला बसून राहावं लागतं आणि तिथं चहाच्या एका टपरीपलीकडे काही नाही. मी तसा बसलो. डबे थोडेच, इंजिन कोळशाचं, खिडकीत बसलात तर पांढरा सदरा घालू नका. माझ्या समोर एक म्हातारा कोंबड्यांची डाली घेऊन बसला होता. त्यानं तीनदा विचारलं, ही गाडी तळोज्याला थांबेल ना. शेवटी शेजारचा म्हणाला, नाय थांबली तरी उतरा बाबा, एवढी सावकाश चालतंय की खाली उतरून तंबाखू मळून परत चढाल. डबा हसला. म्हातारा हसला नाही. त्यानं कोंबड्या उचलून दारापाशी नेऊन ठेवल्या.

वाटेवरचं बघण्यासारखं म्हणाल तर डोंगर आणि मग खाजण, खाऱ्या दलदलीची जमीन. गाडी उंचावरून जाते आणि दोन्ही बाजूंना खाली शेतं पडलेली दिसतात. मला वाटलं, यष्टीतून कधी एवढं दिसलं नव्हतं. कोंबडीवाला तळोज्याला उतरला. आणि त्यानंतर पनवेल.

आता स्टेशनचा नकाशा नीट वाचा, कारण इथंच माणूस फसतो. पनवेल म्हणून उतराल ते पनवेल नाही. ते भाताचं शेत आहे. इंजिनाच्या तोंडाकडे बघून उभे राहिलात तर समोर कर्नाळ्याच्या सुळक्याचा आंगठा, डाव्या हाताला माथेरान आणि प्रबळ, गाव उजव्या हाताला, आणि गावाच्या पलीकडे खाडी. फलाट मातीचा, कड तेवढी दगडाची. तिकिटाची खोली, बाजूला स्टेशनमास्तरची, इंजिनाला पाणी द्यायची सोंड, आणि पाटीखाली एक बाक. फलाट एक पण रूळ भरपूर. बाजूला मालगाड्यांसाठी घातलेत, त्यांत गवत वाढलंय. सगळं मोठं मापून ठेवलंय आणि माणसं थोडी, असं दिसतं. लग्नाचा मांडव पडलाय आणि वऱ्हाड यायचंय, तसं.

तिथं एक पॉइंटमन भेटला, जळगावकडचा, बोलायला भुकेला. त्याला म्हटलं, एवढे रूळ कशाला. त्यानं हातातल्या झेंडीच्या काठीनं जमिनीवर काढून दाखवलं. ही दिव्याची. ही पुढं सरळ जाते ती आपट्याकडे, आणि पुढंमागं कोकणात उतरायची, मंगळूरपर्यंत न्यायची भाषा आहे. ही उजवीकडे वळते ती उरणकडे. आणि हा डोंगर आहे ना, म्हणाला, ह्याच्या अंगानं कर्जतला जोडली की पुण्याच्या गाड्यासुद्धा इथूनच. "हे जंक्शन होणार. तुमच्या नातवाला इथं गाडी बदलायची असली तर जिना चढून जावं लागेल, एवढे फलाट." मी म्हटलं, माझं लग्न व्हायचंय. तो म्हणाला, मग घाई करा.

त्या मातीत त्यानं काढलेल्या रेघा बघून माझा ऊर भरून यायला हवा होता. पण उरणची रेघ त्यानं जिथून ओढली ती आमच्या खारीवरूनच, खाडीकाठच्या भातशेतांवरूनच गेली, आणि दादाचा निरोप मला त्याचसाठी होता, की खार जायच्या बेतात आहे, चार दिवस ये.

स्टेशनवरून गावात टांगा आठ आणे घेतो. जोडीदार असला तर दोघांत घ्या, एकटे असाल तर चाला. गाव तेच आहे. यष्टीस्टँडवर पुण्याची, गोव्याकडची, मुंबईची गर्दी, पळस्प्याला फाटा फुटतो तिथली सगळी वाहनं आधी इथं येऊन धूर सोडतात. गाड्यांची चाकं बनवणारे सुतार अजून आहेत, पण दोघांनी पाट्या बदलून सायकलींचं काम सुरू केलंय. बंदरावर गेलो. बा असताना त्याच्याबरोबर मी इथं भरतीची वाट बघत बसायचो, आमचं मीठ आणि भात मचव्यातून मुंबईला जायचं. बैलगाड्यांची रांग बाजारापर्यंत लागायची. आता दोन मचवे चिखलात कलंडलेले होते आणि एक तांडेल जाळं शिवत बसला होता. मी विचारलं, धंदा कसा आहे. त्यानं वर न बघता सांगितलं की लोक हल्ली धंदा विचारायला येतात, माल घेऊन येत नाहीत. दत्तू, मुंबईला जायला मोऱ्याची लाँच आहे तोवर तुम्ही ती जपा.

स्टँडसमोर मिसळ खाल्ली, तिखट होती, चहा धरून आठ आण्यांच्या आत. मग कोंडखारला, म्हणजे आमच्या गावाला, चालत निघालो. पूर्वी बांधावरून जायची वाट होती. आता उरणच्या रेल्वेचा भराव झालाय, त्याच्या कडेनं जायचं. भरावावर अजून रूळ नाहीत, मातीच पडतेय. दोनशेक माणसं तरी कामावर असतील, निम्मे कातकरी, निम्मे आमच्याच गावांचे. बायका डोक्यावर पाट्या घेऊन रांगेनं चढतात, वर ओततात, उतरतात. त्या रांगेत मला माझी वहिनी दिसली.

मी हाक मारली नाही. तिनंच बघितलं. पाटी रिकामी करून खाली आली, पदरानं तोंड पुसलं, आणि एवढ्या दिवसांनी दीर दिसल्यावर पहिलं वाक्य काय, तर मुकादमाकडे बघून घे, बोलत उभी राहिले तर खाडा लावंल. मी म्हटलं, दादा कुठं आहे. म्हणाली, खांडीवर. एकलाच.

खांड म्हणजे काय ते मिठागर-खारीबाहेरच्यांना सांगायला हवं. आमची शेतं समुद्राच्या पातळीला. खाडीच्या कडेनं बापजाद्यांनी मातीचा बांध घातलाय, भरतीचं पाणी बाहेर राहतं, आत पावसाच्या गोड्या पाण्यावर भात होतो. बांध फुटला की त्या भगदाडाला खांड म्हणायचं. दर वर्षी शिमगा झाला की घरटी एक माणूस बांधावर जातो आणि डागडुजी करतो. ह्याला मजुरी नाही. कधीच नव्हती. ज्याच्या घरचं माणूस गेलं नाही त्याला कुणी दंड करत नाही, पण पुढल्या वर्षी त्याच्या लग्नाकार्याला हंडा उचलायला कुणी जात नाही. एवढंच.

दादा, म्हणजे गणपतदादा, माझा थोरला भाऊ, खांडीच्या तोंडाशी खुंट ठोकत होता. गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून त्यानं मोगरी खाली ठेवली नाही. "आलास बाळ्या," म्हणाला, "कपडे काड."

संध्याकाळी घरी बसल्यावर त्यानं सगळं सांगितलं, आणि मला ऐकताना लाज वाटली, राग आला आणि हसूही आलं. झालं असं. दोन वर्षांमागे भराव पडायला लागला. आमच्या बांधाच्या आत, शेतं आणि खाडी यांच्या मधून, बांधाच्या तिप्पट उंच. गावानं ते बघितलं आणि गाव खूष झालं. पंच बसले. आता एवढा सरकारी बांध समोर उभा आहे, दगडमातीचा, इंजिन तोलणारा, मग आपल्या बांधावर घाम कशाला गाळायचा. त्यातून भरावावर रोख मजुरी, दिवसाला दोन रुपये, बाईला दीड. नेमकी तीच शिमग्यानंतरची सुगी सरलेली वेळ. आपल्या बांधाची माती फुकट, रेल्वेच्या बांधाची माती दोन रुपये. त्या वर्षी आमच्या बांधावर एक पाटी पडली नाही. हात तेच, पाट्या त्याच, माणसं फक्त दोनशे पावलं आत सरकली.

भरावाला मोऱ्या ठेवलेल्या होत्या. डोंगराचं पावसाचं पाणी खाडीला जायला वाट हवी, नाहीतर रूळ वाहून जातील. ओव्हरसियरनं सांगितलंही होतं, हा गाडीसाठी आहे, समुद्रासाठी नाही. सगळ्यांनी मान हलवली होती. ज्या वाटेनं पाणी जातं त्या वाटेनं येतं, हे आमच्या गावच्या लहान पोराला कळतं, दर घराला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, माहीत आहे. पण समोर एवढं उंच काही उभं राहिलं की माणूस खाली बघत नाही. गेल्या गणपतीच्या उधाणाला जुना बांध फुटला, आणि भरतीचं पाणी मोऱ्यांतून शांतपणे आत आलं. दादा म्हणाला, आवाजसुद्धा झाला नाही. भात पोटरीत होता. आठवड्यात पिवळा पडला.

आता हिशेब असा. पावसाआधी खांड बुजली तर पाऊस मीठ धुऊन काढतो, एखादं वर्ष पीक कमी येतं, शेत वाचतं. नाही बुजली तर दुसऱ्या वर्षी तिवरं, खाऱ्या चिखलातली झाडं, उगवतात, आणि तिवरं उगवली की ती जमीन खाडीची झाली. आमची सगळी जमीन तिथंच आहे. दुसरी नाही.

खांड बुजवायची ती भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती लहान असते तेव्हा. ओहोटी लागली की खुंट ठोकायचे, तिवराच्या फांद्या आणि पेंढा विणायचा, आणि मग चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे. माणसं रांगेत उभी, गोळा हलतो, माणूस हलत नाही. त्यातच सगळी मेख आहे. रांग पुरी असली तर भरती फिरायच्या आत तोंड बंद होतं. रांग तुटकी असली तर माणसाला गोळा घेऊन चालावं लागतं, आणि चिखलात चालणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

पहिल्या दिवशी आम्ही नऊ जण होतो. म्हातारे पाच, एक पाय अधू असलेला, दादा, मी आणि शेजारचा एक. बाकी गाव भरावावर. तिथून आम्ही दिसत होतो, आम्हाला ते दिसत होते. दुपारी भाकर खायला सुटले तेव्हा काही जण भरावावरून उतरून आले, उभे राहिले, कसं चाललंय म्हणाले. एकानं मला विचारलं, भिलाईला किती पडतात. मी सांगितलं. तो म्हणाला, मग तू हितं काय करतंस. भोंगा झाला, गेले.

रात्री मी दादाला म्हटलं, ह्यांना मजुरी देऊ. मी पैसे देतो. रेल्वेचा जो दर तोच. दोन दिवस वीस माणसं आली तर तोंड बंद होतं.

दादा जेवत होता. त्यानं हात थांबवला. "खांडीला मजुरी?" म्हणाला. घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "औंदा तू देशील. पुढल्या साली कोन देल? एकदा पैसा पडला नं, मंग कोनी फुकट येणार नाय. आज बांध फुटलाय तो मातीचा हाय, बाळ्या. तो बुजंल."

मी म्हटलं, फुकट आता तरी कोण येतंय. तो म्हणाला, लाज वाटंल तवा येतील. मी म्हटलं, लाज वाटेपर्यंत तिवरं उगवतील. तो ताटावरून उठला. वहिनी मध्ये पडली नाही. तिच्या हाताला भरावाच्या मातीचे चिरे पडलेले होते, त्यांत ती तेल घालत बसली होती. घरातलं मीठमिरची तिच्या दीड रुपयावर चाललं होतं, हे दादालाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी अकरा आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊ. तरी पोरांनो, तोंड जवळजवळ बंद झालं. हातभर राहिलं होतं. दादाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी बघितलं. अधू पायाच्यानं तर बिडी काढली. तेवढ्यात भरती फिरली. हातभर फटीतून आधी पाट आला, आम्ही दोघांनी त्यात अंग घातलं, पाठ लावून उभे राहिलो, बाकीचे गोळे टाकत होते. पण गोळा आणणारा चालत येत होता. दोन गोळ्यांमध्ये जो वेळ जायचा तेवढ्यात पाणी आधीचा गोळा नेत होतं. मग एक खुंट हलला. मग तीन दिवसांचं काम एकदम, कुणी चादर ओढावी तसं, आत गेलं. दादा आणि मी त्याच्याबरोबर वीसेक हात वाहत गेलो. उठून बसलो तेव्हा भरावावरची सगळी रांग थांबून आमच्याकडे बघत होती. कुणी हसलं नाही. मुकादमानं शिटी मारली, रांग पुन्हा चालू लागली.

त्यानंतरचे दिवस भरती वाढत गेली, काम बंद. दादा बोलायचा, पण गुरांचं, कौलांचं. मी एकदा म्हटलं, माझ्याबरोबर चल, भिलाईत काम लावतो. तो म्हणाला, मंग बगायला कोन? काय बघायला, ते मी विचारलं नाही.

निघताना तो स्टेशनपर्यंत आला नाही. वहिनी भरावापर्यंत बरोबर होती, तिचं कामच तिथं. भरावाच्या पायथ्याशी ती थांबली. म्हणाली, "पाठव. माज्या नावानं पाठव. चैताच्या वद्य अष्टमीला परत भांग हाय. भरावावरल्या माज्या रांगेतल्या वीस बाया-मानसं मी आणतंय. दोन दिस." मी म्हटलं, दादा? ती म्हणाली, "त्यांना मी सांगंन. आयकणार नायत. पर हुबं ऱ्हातील, खांड बुजताना ते घरात बसायचे नायत." मग पाटी डोक्यावर घेतली आणि चढून गेली.

परतीचं सांगायचं तर पनवेलहून दिव्याला येणारी गाडी पकडताना फलाटावर आधीच जाऊन बसा, सावली एकाच बाकाला आहे. पॉइंटमननं ओळखलं. उरणच्या बाजूला रूळ टाकायची टोळी आली होती, लांबून घणांचे आवाज येत होते. त्यानं मला अभिमानानं दाखवलं, बघा, रोज पुढं सरकतात. मी बघितलं. खरं सांगायचं तर काम सुरेख होतं. माणसं रांगेत उभी, एकानं हाक दिली की सगळे मिळून रूळ उचलत होते.

इथं येऊन आता दोन आठवडे झाले. पाठीला खांडीत लागलेलं अजून दुखतं. दत्तू म्हणतो, चूक गावाची, रेल्वेची नाही, ओव्हरसियरनं सांगितलं होतं ना. खरं आहे. मी रेल्वेला शिव्या देत नाही. मी ह्याच गाडीनं पुन्हा जाईन, तुम्हीही जा, यष्टीपेक्षा स्वस्त आणि कंबरेला सोसणारी आहे. जंक्शनही होईल, तो पॉइंटमन खोटं बोलणारा वाटला नाही. आमच्या शेतावरून रात्रंदिवस गाड्या जातील आणि खिडकीतून लोक म्हणतील, काय छान तिवरं आहेत, किंवा म्हणतील, काय छान भात आहे. दोन्हींपैकी काय म्हणतील ते चैताच्या अष्टमीवर आहे.

दादा म्हणतो तेही खोटं नाही. मी पैसे पाठवले की आमच्या बांधावर पहिल्यांदा मजुरी पडेल, आणि ती मी पाडलेली असेल. पुढल्या शिमग्याला दादा हाक देईल तेव्हा लोक दर विचारतील. त्याच्या पुढल्या शिमग्याला दर वाढवून मागतील. मी इथं किती वर्षं पुरे पडेन, माहीत नाही. न पाठवावं तर पुढला शिमगाच उरत नाही. चार रात्री ह्यावर घासाघीस केली. भावाचं ऐकावं तर जमीन जाते, वहिनीचं ऐकावं तर भाऊ.

काल पगार झाला. आज पोस्टात जाऊन वहिनीच्या नावानं मनिऑर्डर करतोय. वीस माणसं, दोन दिवस, बायकांनाही पुरुषांचाच दर. ऐंशी रुपये.